मुंबई शहर उत्तर : एका लुप्त मतदारसंघाचा इतिहास

भिक्खुसंघात एखाद्या प्रश्नावर मतभेद झाला आणि तो चर्चेने मिटला नाही, तर मत घेण्याची रीत विनयपिटकात सांगितली आहे. रंगीत शलाका वाटून मत घेतले जाई आणि शलाका वाटणाऱ्या भिक्खूची निवड संघ करीत असे. त्या भिक्खूच्या अंगी पाच गुण असावेत, असा दंडक होता. छंद, दोस, मोह आणि भय या चार अगतींपासून तो मुक्त असावा, हे पहिले चार गुण. पाचवा गुण साधा वाटतो, परंतु तोच सर्वांत अवघड आहे : कोणती शलाका घेतली गेली आणि कोणती घेतली गेली नाही, हे त्याला कळले पाहिजे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या परंपरेची आठवण करून दिली होती. गणपूर्ती, ठराव, मतगणना आणि गुप्त मतदान यांचे नियम भिक्खुसंघाला ठाऊक होते, संसदीय पद्धती ही या भूमीला परकी वस्तू नव्हे, असा त्यांचा आशय होता. त्याच भाषणात त्यांनी एक इशाराही दिला. राजकारणात एका माणसाला एक मत आणि प्रत्येक मताला समान मूल्य हे तत्त्व आपण स्वीकारीत आहोत. परंतु सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच ठेवून आपण विसंगतीच्या युगात प्रवेश करीत आहोत, असे त्यांनी बजावले.

या भाषणानंतर अवघ्या दोन वर्षांनी स्वतः बाबासाहेब मुंबईच्या एका मतदारसंघातून लोकसभेसाठी उभे राहिले आणि पराभूत झाले. त्या मतदारसंघाचे नाव 'मुंबई शहर उत्तर'. तो मतदारसंघ आज अस्तित्वात नाही. ज्या द्विसदस्य पद्धतीवर तो उभा होता ती पद्धतही १९६१ साली रद्द झाली. त्या पराभवाविषयी आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले गेले आहे. कोणी काँग्रेसला, कोणी कम्युनिस्टांना, तर कोणी आपल्याच समाजातील फुटीला दोष दिला. प्रस्तुत लेखात आम्ही व्यक्तींपेक्षा मतदारसंघाकडे पाहणार आहोत. तो कसा घडला, तेथे मत कसे दिले जाई आणि कसे मोजले जाई, हे समजून घेतल्याशिवाय १९५२ च्या निकालाचा अर्थ लागत नाही, अशी आमची धारणा आहे.

पूर्वपीठिका

या इतिहासाचा उगम २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारात आहे. ऑगस्ट १९३२ च्या जातीय निवाड्याने अस्पृश्य वर्गाला स्वतंत्र मतदारसंघ दिले होते. गांधीजींच्या उपोषणानंतर येरवड्याला जो करार झाला त्याने प्रांतिक विधिमंडळांतील राखीव जागा ७१ वरून १४८ पर्यंत वाढविल्या, परंतु स्वतंत्र मतदारसंघ गेले. प्राथमिक निवडणुकीत अस्पृश्य मतदारांनी प्रत्येक राखीव जागेसाठी चार उमेदवारांची यादी निवडावी आणि त्या चौघांतून अंतिम निवड सर्व मतदारांनी मिळून करावी, अशी व्यवस्था झाली. जागा आपल्या, पण त्यांवर बसणारा माणूस ठरविण्याची शक्ती इतरांच्या हाती, हा पेच येथून सुरू झाला.

या पेचात अस्पृश्य वर्गाच्या हाती उरलेले एक साधन म्हणजे मत देण्याची पद्धत. राखीव जागा असलेल्या मतदारसंघातून एकाहून अधिक सदस्य निवडले जात, म्हणून मतदारालाही एकाहून अधिक मते असत. ती मते त्याने निरनिराळ्या उमेदवारांना वाटून द्यायचीच की सर्व मते एकाच उमेदवाराच्या पारड्यात टाकण्याची त्याला मुभा असावी, हा वादाचा विषय झाला. पहिली ती वितरित पद्धत आणि दुसरी ती संचयी पद्धत. अल्पसंख्य समाजाला संचयी पद्धत तारक असते, कारण संख्येने थोडे असलेले मतदार आपली सर्व शक्ती एका विश्वासू उमेदवारामागे एकवटू शकतात. वितरित पद्धतीत त्यांची उरलेली मते दुसऱ्याच्या पदरात पडतात. मुंबई प्रांतात १९३७ ची निवडणूक संचयी पद्धतीने झाली.

त्या निवडणुकीत बाबासाहेब भायखळा–परळ भागातून मुंबई विधानसभेसाठी उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर प्रख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू यांना उभे केले. बाळू स्वतः चर्मकार समाजातील, कर्तृत्ववान आणि लोकप्रिय. बाबासाहेबांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. फरक केवळ २,०२० मतांचा होता. ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन झालेल्या स्वतंत्र मजूर पक्षाचे १७ पैकी १४ उमेदवार त्या निवडणुकीत विजयी झाले. मताधिकार तेव्हा मालमत्ता आणि शिक्षण यांच्या अटींनी मर्यादित होता. तरीही चाळींतल्या आणि गिरण्यांतल्या माणसांनी आपले मत एकवटून दाखविले.

हा परळचा परिसर बाबासाहेबांच्या जीवनाशी निगडित आहे. परळच्या बी. आय. टी. चाळीत त्यांनी आयुष्यातील अनेक वर्षे काढली. बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध जो एक दिवसाचा संप झाला, त्यात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट कामगार पुढारी खांद्याला खांदा लावून उभे होते. बाबासाहेब आणि श्रीपाद अमृत डांगे हे दोघेही त्या लढ्यात होते. हे वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे याच भूमीवर हे दोन प्रवाह एकमेकांविरुद्ध उभे राहिले आणि पुन्हा एकत्रही आले.

द्विसदस्य मतदारसंघाची रचना

१९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी अनुसूचित जातींसाठी स्वतंत्र मतदारसंघ, प्रौढ मताधिकार आणि संचयी मतदान पद्धती यांची मागणी केली होती. यांपैकी प्रौढ मताधिकार मिळाला. स्वतंत्र मतदारसंघ नाकारले गेले. संविधानाच्या कलम ३२५ ने सर्वांसाठी एकच मतदार यादी ठेवली आणि कलम ३३० ने लोकसभेत राखीव जागा दिल्या. संचयी पद्धती मात्र गेली. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात अशी तरतूद झाली की, एकाहून अधिक सदस्यांच्या मतदारसंघात मतदाराला जागांइतकी मते असतील, परंतु एका उमेदवाराला तो एकच मत देऊ शकेल. त्याने एकाच उमेदवाराला दोन मते दिली तर त्यांतले एक धरले जाईल व दुसरे बाद होईल.

हा कायदा बाबासाहेब विधिमंत्री असतानाच संमत झाला, ही वस्तुस्थिती आम्ही लपवू इच्छित नाही. १९४७ ची मागणी आणि १९५१ चा कायदा यांतील अंतर पाहिले म्हणजे मंत्रिमंडळात एकट्या माणसाच्या विचाराला किती मर्यादा पडतात ते कळते. हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हा त्या मर्यादेची साक्ष साऱ्या देशाला मिळाली.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेचे ४०१ मतदारसंघ होते. त्यांपैकी ८६ मतदारसंघ द्विसदस्य होते : एक जागा सर्वसाधारण, दुसरी राखीव. उत्तर बंगालमध्ये एक त्रिसदस्य मतदारसंघही होता. मुंबई शहराच्या वाट्याला दोन मतदारसंघ आले. दक्षिणेकडचा एकसदस्य आणि उत्तरेकडचा, म्हणजे गिरण्यांचा आणि चाळींचा, द्विसदस्य. हाच तो 'मुंबई शहर उत्तर'.

मत देण्याची त्या काळची रीत आजच्या तरुण वाचकाला अपरिचित आहे. मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नसे. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह लावलेले असे. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे झाड, कम्युनिस्टांचे कणीस-विळा, आणि शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती. मतपत्रिका एक रुपयाच्या नोटेएवढी. एकसदस्य मतदारसंघात मतदार एक कागद हव्या त्या पेटीत टाकी. द्विसदस्य मतदारसंघात त्याच्या हाती दोन कागद येत आणि ते दोन वेगवेगळ्या पेट्यांत टाकायचे असत. दोन्ही एकाच पेटीत टाकले की एक वाया जाई. निकाल लावताना राखीव जागेच्या उमेदवारांत ज्याला सर्वाधिक मते तो प्रथम निवडून आलेला धरीत. मग उरलेल्या सर्व उमेदवारांत जो अग्रेसर तो दुसऱ्या जागेवर येई.

जानेवारी १९५२

फेडरेशनने आपल्या जाहीरनाम्यात काँग्रेस, हिंदू महासभा आणि कम्युनिस्ट पक्ष यांच्याशी युती करणार नाही असे स्पष्ट केले होते. समाजवादी पक्षाशी मात्र समझोता झाला. मुंबई शहर उत्तरमध्ये सर्वसाधारण जागेसाठी समाजवादी नेते अशोक मेहता आणि राखीव जागेसाठी बाबासाहेब अशी जोडी उभी राहिली. काँग्रेसतर्फे विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेसाठी नारायण सदोबा काजरोळकर होते. कम्युनिस्ट पक्षातर्फे डांगे सर्वसाधारण जागा लढवीत होते. याखेरीज इतर उमेदवारही रिंगणात होते. मतदान जानेवारी १९५२ मध्ये झाले.

निवडणूक आयोगाच्या नोंदीनुसार प्रमुख उमेदवारांची मते अशी : विठ्ठल गांधी १,४९,१३८, अशोक मेहता १,३९,७४१, काजरोळकर १,३८,१३७, बाबासाहेब १,२३,५७६, डांगे ९६,७५५. राखीव जागेवर काजरोळकर १४,५६१ मतांनी विजयी झाले. सर्वसाधारण जागा ९,३९७ मतांच्या फरकाने विठ्ठल गांधी यांच्याकडे गेली. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष त्याच संविधानाखालच्या पहिल्या लोकसभेत पोहोचू शकले नाहीत.

आकडे काय सांगतात

या पाच आकड्यांकडे आम्ही वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. यांत एक गोष्ट अशी आहे की जी सहसा सांगितली जात नाही.

मेहता आणि बाबासाहेब एकाच युतीचे उमेदवार होते. युतीला मानणाऱ्या मतदाराने एक कागद झाडाच्या पेटीत आणि दुसरा हत्तीच्या पेटीत टाकावा अशी अपेक्षा होती. तसे पूर्णपणे घडले असते तर दोघांची मते जवळपास सारखी पडली असती. प्रत्यक्षात मेहतांना बाबासाहेबांपेक्षा १६,१६५ मते अधिक पडली. पराभवाचा फरक १४,५६१ चा आणि युतीतील ही तूट १६,१६५ ची! मेहतांना मत देणाऱ्या प्रत्येकाने दुसरे मत बाबासाहेबांना दिले असते तर त्यांची मते निदान १,३९,७४१ झाली असती, म्हणजे काजरोळकरांच्या मतांपेक्षा १,६०४ अधिक. शत्रुपक्षाचे एकही मत न फोडता, केवळ मित्रपक्षाच्या मतदाराने शब्द पाळला असता, तर निकाल उलटला असता.

दुसऱ्या बाजूसही तेच चित्र दिसते. काँग्रेसच्या जोडीत विठ्ठल गांधींपेक्षा काजरोळकरांना ११,००१ मते कमी मिळाली. म्हणजे दोन्ही जोड्यांत सर्वसाधारण जागेचा उमेदवार पुढे आणि राखीव जागेचा उमेदवार मागे. पक्ष वेगळे, विचार वेगळे, परंतु अस्पृश्य मानल्या गेलेल्या उमेदवाराच्या पेटीपाशी येऊन काही हजार हात दोन्हीकडे थबकले. या तुटीची सर्व कारणे आकड्यांतून सिद्ध होत नाहीत. काही मतदारांना दोन कागदांची रीत समजली नसेल, काहींनी मुद्दाम वेगळी जोडी लावली असेल. तरीही दोन्ही जोड्यांत तूट एकाच बाजूला पडावी, हा निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. काजरोळकरांना आम्ही शत्रू मानीत नाही ते याचसाठी. ज्या रेषेने बाबासाहेबांची मते कापली तीच रेषा काजरोळकरांच्याही मतांतून गेली होती. फरक इतकाच की त्यांच्या पाठीशी सत्ताधारी पक्षाचे पुरेसे बळ होते.

त्याच निवडणुकीत सोलापूरच्या द्विसदस्य मतदारसंघातून फेडरेशनचे पां. ना. राजभोज राखीव जागेवर आणि शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे सर्वसाधारण जागेवर निवडून आले. देशभरात फेडरेशनच्या वाट्याला आलेल्या दोन लोकसभा जागांपैकी ती एक. दुसरी हैदराबाद राज्यातील करीमनगरची, एम. आर. कृष्ण यांची. म्हणजे ही पद्धत फेडरेशनला सर्वत्र मारक ठरली असे नव्हे. जेथे दुसरे मत पोहोचले तेथे जागा मिळाली. जेथे ते वाटेत अडले तेथे जागा गेली.

बाद झालेली मते

मुंबई शहर उत्तरच्या मतमोजणीत ७४,३३३ मते बाद ठरली. हा आकडा पराभवाच्या फरकाच्या पाचपट आहे. बाबासाहेब आणि अशोक मेहता यांनी निवडणूक रद्द ठरवावी म्हणून संयुक्त याचिका दाखल केली. तिच्यातील मुख्य आक्षेप असा की, मतदारांनी दोन्ही मते डांगे यांच्याच पेटीत टाकावीत असा प्रचार कम्युनिस्टांकडून झाला. कायद्यानुसार दुसरे मत बाद होणार हे ठाऊक असताना तो मुद्दाम करण्यात आला. आपल्या चळवळीच्या बोलीत याला 'मते कुजवणे' असे नाव पडले आणि तो शब्द कायमचा रूढ झाला. निवडणूक न्यायाधिकरणाने याचिका फेटाळली. निकाल कायम राहिला.

या ७४,३३३ मतांविषयी विवेकाने बोलले पाहिजे. ती सारी बाबासाहेबांची होती असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. ती कुजवली नसती तर काँग्रेसकडे किती, समाजवाद्यांकडे किती आणि हत्तीच्या पेटीत किती गेली असती, हे सांगता येत नाही. परंतु एक निष्कर्ष निश्चित काढता येतो. दुसरे मत कोणालाच न देण्याचा परिणाम सर्व उमेदवारांवर सारखा होत नाही. राखीव जागेच्या उमेदवाराचे भवितव्य दुसऱ्या मतावर अवलंबून असल्याने ते मत कुजले की पहिला घाव त्यालाच बसतो. कम्युनिस्टांचा राखीव जागेवर दावा नव्हता. म्हणून मत कुजवण्यात त्यांचे काही जात नव्हते, जात होते ते दलित उमेदवाराचे. वर्गलढ्याची भाषा बोलणाऱ्यांनी गिरणगावातील सर्वांत खालच्या वर्गाच्या प्रतिनिधीचा मार्ग असा अडवावा, ही त्या काळच्या कामगार चळवळीतील गंभीर चूक होती असे आमचे मत आहे.

येथे १९३७ ची आठवण होते. संचयी पद्धती असती तर एकाच पेटीत टाकलेली दोन मते बाद झाली नसती. डांगे यांना त्याचा लाभ झाला असता, हे खरे. पण फेडरेशनच्या मतदारालाही दोन्ही कागद हत्तीच्या पेटीत टाकता आले असते. वितरित पद्धतीत त्याने आपले दुसरे मत प्रामाणिकपणे झाडाला दिले आणि ते मोजले गेले. झाडाच्या मतदाराने परतफेड केली नाही तेव्हा त्याच्या हाती काहीच उपाय उरला नाही.

भंडारा, १९५४

मार्च १९५२ मध्ये बाबासाहेब मुंबई राज्यातून राज्यसभेवर निवडून गेले. दोन वर्षांनी, १९५४ साली, भंडाऱ्याच्या द्विसदस्य मतदारसंघात पोटनिवडणूक झाली आणि पुन्हा अशोक मेहता व बाबासाहेब अशीच जोडी उभी राहिली. या वेळी तर विसंगती अधिकच उघडी पडली. सर्वसाधारण जागेवर मेहता विजयी झाले आणि राखीव जागेवर बाबासाहेब काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून ८,३८१ मतांनी पराभूत झाले. एकच जोडी, एकच मतदार, एकच दिवस. अर्धी जोडी लोकसभेत गेली आणि अर्धी मागे राहिली.

त्या निवडणुकीची एक आठवण विदर्भातील जुने कार्यकर्ते सांगत आले आहेत. आपल्या मतदारांनी दुसरे मत कुजवावे, म्हणजे बाबासाहेबांचा विजय सुकर होईल, अशी सूचना काहींनी केली होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. ज्याने संविधान घडविले त्याने लोकांना आपले मत वाया घालविण्यास सांगावे, हे त्यांना पटले नाही. मुंबईत ज्या कृत्याविरुद्ध त्यांनी याचिका केली होती, ते कृत्य स्वतःच्या लाभासाठीही त्यांनी त्याज्य मानले. शलाका वाटणाऱ्याने छंदाने वागू नये, म्हणजे स्वतःच्या पसंतीला झुकू नये, या विनयाच्या दंडकाशी ही आठवण किती जुळते ते वाचकांनीच पाहावे. पुढे १९५५ साली फेडरेशनच्या कार्यकारिणीने विधिमंडळांतील राखीव जागा रद्द कराव्यात असा ठराव केला. या दोन पराभवांची पार्श्वभूमी लक्षात घेतली तर त्या ठरावाचे नवल वाटत नाही.

१९५७ : त्याच भूमीवर विजय

१९५७ च्या निवडणुकीपूर्वी मतदारसंघांची पुनर्रचना झाली. मुंबई शहर उत्तर हे नाव दुसऱ्या, एकसदस्य मतदारसंघाला मिळाले, तेथून व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले. गिरणगावाचा द्विसदस्य मतदारसंघ आता 'मुंबई शहर मध्य' या नावाने ओळखला जाऊ लागला.

या पाच वर्षांत काळ पालटला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि दुसऱ्या दिवशी दादरच्या सागरतीरी लाखोंनी त्यांना निरोप दिला. इकडे १०५ हुतात्म्यांच्या रक्ताने संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला होता आणि फेब्रुवारी १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि फेडरेशन एकत्र आले होते.

मुंबई शहर मध्यमधून समितीतर्फे दोघे विजयी झाले : सर्वसाधारण जागेवर श्रीपाद अमृत डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळूजी माने. पाच वर्षांपूर्वी ज्या भागात डांगे यांच्या पेटीपाशी मते कुजली, त्याच भागात डांगे आणि फेडरेशन यांची जोडी लोकसभेत गेली. पद्धत तीच होती, कायदा तोच होता, पेट्याही त्याच रीतीच्या होत्या. बदलले होते ते दुसरे मत. एका सामायिक लढ्याने ते मत या खेपेस वाटेत अडू दिले नाही. त्या वर्षी फेडरेशनचे सहा खासदार लोकसभेत पोहोचले. दादासाहेब गायकवाड नाशिकहून आणि बी. सी. कांबळे कोपरगावहून निवडून आले. १९५२ च्या मानाने हे तिप्पट यश होते. ते पाहावयास बाबासाहेब हयात नव्हते.

पद्धतीचा अंत

१९५७ च्याच निवडणुकीत आंध्रातील पार्वतीपुरम या द्विसदस्य मतदारसंघात एक वेगळी घटना घडली. राखीव जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवाराने जिंकली आणि उरलेल्या उमेदवारांत सर्वाधिक मते अनुसूचित जमातीच्याच दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. साहजिकच सर्वसाधारण जागाही त्याच्याकडे गेली आणि व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने १९५९ साली तो निकाल योग्य ठरविला. यानंतर द्विसदस्य पद्धतीवर टीका वाढली आणि १९६१ च्या कायद्याने ती रद्द झाली. मतदारसंघ फार मोठे आणि खर्चिक होते, ही तक्रार खरी होती. परंतु राखीव उमेदवार दुसऱ्या मताच्या अभावी पडत होते तोवर ही पद्धत चालून गेली, आणि सर्वसाधारण जागा हातची गेल्यावर तिचे दोष ठळक दिसू लागले, हा क्रम इतिहासाने नोंदवून ठेवावा असा आहे.

१९६२ साली मुंबई शहर मध्यचे दोन तुकडे झाले. उत्तरेकडचा तुकडा राखीव राहिला आणि तेथून काजरोळकर निवडून आले. दक्षिणेकडून विठ्ठल गांधी आले. १९५२ चीच जोडी परत आली, परंतु आता दोघांना एकमेकांच्या मतदाराची गरज नव्हती. आपल्या समाजापुढे मात्र नवीन अडचण होती. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात बौद्धांना स्थान नव्हते. धम्म स्वीकारून बौद्ध म्हणून जगणाऱ्याला राखीव जागेवर उभे राहण्याचा अधिकार १९९० च्या दुरुस्तीपर्यंत नव्हता. मुंबईत बाबासाहेबांच्या नावाने जागृत झालेला सर्वांत मोठा समाज बौद्ध झाला होता आणि राखीव जागेचे दार त्यालाच बंद होते.

तेव्हापासून या भागातील आपल्या मताचा इतिहास सर्वसाधारण जागांवरचा आहे. १९७४ च्या जानेवारीत मुंबई मध्य लोकसभा पोटनिवडणुकीच्या वेळी दलित पँथरने बहिष्काराची हाक दिली. वरळीच्या बी. डी. डी. चाळींत दंगल पेटली आणि १० जानेवारी रोजी मोर्चावरील हल्ल्यात भागवत जाधव हा तरुण शहीद झाला. त्या पोटनिवडणुकीत डांगे यांच्या कन्या रोझा देशपांडे निवडून आल्या. मत न देणे हेही एक बळ आहे, हे गिरणगावाने तेव्हा पाहिले. १९९८ साली रिपब्लिकन पक्षाचे चार नेते, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले, महाराष्ट्रातून एकाच वेळी लोकसभेत गेले. चारही जागा सर्वसाधारण होत्या आणि आठवले मुंबई उत्तर मध्यमधून आले होते. त्या वेळी काँग्रेसचे मत त्यांना मिळाले. मुंबईच्या सहा लोकसभा मतदारसंघांपैकी आज एकही राखीव नाही.

उपसंहार

मुंबई शहर उत्तर हा मतदारसंघ एकच निवडणूक जगला. परंतु त्या एका निवडणुकीने जो धडा दिला तो त्याच्याबरोबर संपला नाही. बाबासाहेबांचा पराभव हा त्यांच्या लोकांनी केला नाही. १,२३,५७६ मतदारांनी, ज्यांतले असंख्य आयुष्यात प्रथमच मतदान करीत होते, हत्तीची पेटी शोधून आपला कागद तीत टाकला. पराभव झाला तो दोन ठिकाणी : मित्राच्या दुसऱ्या हातात आणि मत मोजण्याच्या नियमात. त्यांतील पहिले ठिकाण १९५७ ने दुरुस्त करून दाखविले. सामायिक लढा खरा असेल तर दुसरे मतही खरे होते. दुसरे ठिकाण मात्र आपण अजून पुरते अभ्यासलेले नाही. मतदारसंघांच्या सीमा, राखीव जागांचा फेरा, मतगणनेची पद्धत हे विषय रुक्ष म्हणून आपल्या सभांतून क्वचितच चर्चिले जातात. भाषणे पराभूत करणाऱ्या व्यक्तींवर होतात, नियमांवर होत नाहीत.

शलाका वाटणाऱ्याचा पाचवा गुण आठवावा. कोणती शलाका घेतली गेली हे सर्वांना दिसते. ती मते जिंकणाऱ्याच्या नावापुढे लिहिलेली असतात. कोणती घेतली गेली नाही हे जाणण्यासाठी मात्र कष्ट घ्यावे लागतात. मुंबई शहर उत्तरच्या ७४,३३३ बाद मतांचा आणि युतीच्या वाटेत अडलेल्या १६,१६५ मतांचा हिशेब ठेवणे हे आपल्या अभ्यासकांचे कर्तव्य आहे. बाबासाहेबांनी त्या हिशेबासाठी न्यायाधिकरणाचे दार ठोठावले होते. ते उघडले नाही, म्हणून हिशेब संपत नाही.